हौसेचे मोल

'हौशी' हा मराठी शब्द ज्या इंग्रजी शब्दाचा पर्याय म्हणून रूढ झाला, तो 'अमॅच्युअर' हा शब्द प्रेम करणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि एखादी गोष्ट पोटासाठी नव्हे तर आवडीसाठी करणारा, असा त्याचा मूळ अर्थ आहे. 'हौसेला मोल नाही' ही म्हण मराठी माणूस हौसेपायी खिसा रिकामा करताना स्वतःच्या समाधानासाठी वापरतो. परंतु तीच म्हण दुसऱ्या अंगानेही वाचता येते, ती अशी की जो हौसेने काम करतो त्याला मोल देण्याचे कारण नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाव्यवस्था एका शतकाहून अधिक काळ या दुसऱ्या वाचनावर उभी होती. तिथल्या खेळाडूंना जाहिरात आणि प्रायोजकत्वाच्या करारांतून पैसे घेण्याची मुभा 1 जुलै 2021 रोजी मिळाली, तेव्हा एका पावित्र्याचा अंत झाल्याचे दुःख काहींनी व्यक्त केले, तर एका अन्यायाचा अंत झाल्याचा आनंद इतरांनी. त्या दिवशी खरोखर कशाचा अंत झाला, हे मात्र तपासून पाहावे लागते, कारण जुन्या व्यवस्थेत जी एक कल्पित कथा कायद्याचे काम करीत होती, तिची जागा दुसऱ्या कल्पित कथेने घेतली, असेच पुढच्या चार-पाच वर्षांतील घडामोडींवरून दिसते.

हौशीपणाची ही कल्पना मुळात अमेरिकेची नाही. ती एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडची आहे, आणि तिचा उगम क्रीडाप्रेमात जितका आहे त्याहून अधिक वर्गभेदात आहे. टेम्स नदीवरील हेन्ली येथील नौकाशर्यतीच्या 1879 च्या नियमांत हौशी कोणाला म्हणू नये हे स्पष्ट केलेले होते: जो पैशासाठी वल्हे मारतो तो हौशी नव्हे, आणि जो यांत्रिक, कारागीर किंवा मजूर म्हणून वेतन घेतो तोही नव्हे, मग त्याने नौकेतून एक पैही कमावलेली नसो. दिवसभर हातांनी काम करणाऱ्याचे दंड आपोआपच बळकट होतात आणि सद्गृहस्थांना त्याच्याशी स्पर्धा करणे जड जाते, हे त्यामागचे न बोललेले कारण असावे. इंग्लिश क्रिकेटमध्ये 'जंटलमेन' म्हणजे हौशी आणि 'प्लेयर्स' म्हणजे व्यावसायिक हा भेद 1962 पर्यंत टिकला. डब्ल्यू. जी. ग्रेस हे कागदोपत्री हौशी होते, आणि तरीही खर्चाच्या भरपाईपासून गौरवनिधीपर्यंत निरनिराळ्या वाटांनी त्यांना जे मिळाले ते त्या काळच्या कोणत्याही व्यावसायिक खेळाडूच्या कमाईहून अधिक होते. म्हणजे ज्याला पैशाची गरज नाही त्याने पैसे घेतले तर चालत असे, आणि ज्याला गरज आहे त्याने घेतले तर त्याचा दर्जा जात असे.

अमेरिकेत ही कल्पना पोहोचली तेव्हा तिथे पैसा आधीच पोहोचला होता. दोन अमेरिकी महाविद्यालयांमधली पहिली स्पर्धा म्हणून जिचा उल्लेख होतो ती हार्वर्ड आणि येल यांच्यातील नौकाशर्यत 1852 मध्ये न्यू हँपशरमधील विनिपसॉकी सरोवरावर झाली, आणि तिचा सारा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता, कारण त्या डोंगराळ भागात प्रवासी खेचून आणणे हा कंपनीचा हेतू होता. प्रायोजक हा या क्रीडासंस्कृतीत मागाहून शिरलेला उपरा नसून तिच्या बारशाला हजर असलेला पाहुणा आहे. पुढे अमेरिकी फुटबॉल, म्हणजे अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा आणि त्या काळी फार हिंसक असलेला खेळ, लोकप्रिय झाला. 1905 च्या हंगामात मैदानावर इतके विद्यार्थी दगावले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावे लागले, आणि त्यातून 1906 मध्ये जी संघटना जन्मली तिला 1910 पासून नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एनसीएए, हे नाव मिळाले. खेळाडूंचा जीव वाचवण्यासाठी निघालेली ही संस्था कालांतराने प्रामुख्याने त्यांच्या खिशावर लक्ष ठेवणारी संस्था झाली. 1948 मध्ये तिने कडक नियमावली केली, ती कोणी पाळेना म्हणून तीन वर्षांत रद्द केली, आणि 1956 मध्ये केवळ खेळातील कौशल्याच्या बळावर पूर्ण शिष्यवृत्ती देण्यास मान्यता दिली. हेन्लीच्या व्याख्येनुसार पाहिले तर हौशीपणा त्याच वर्षी संपला, कारण शिकवणी, निवास आणि भोजन यांचा खर्च खेळण्याच्या बदल्यात दिला जाऊ लागला. एनसीएएने मात्र या मोबदल्याला मोबदला म्हणायचे नाही असे ठरवले, आणि न म्हणण्याची ही सवय पुढे सगळ्या व्यवस्थेचा पाया झाली.

ती सवय एका शब्दात साठवली गेली आहे, आणि तो शब्द कसा घडला हे या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलके प्रकरण आहे. 1953 मध्ये कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठातील अर्नेस्ट नेमेथ या जखमी फुटबॉलपटूला विद्यापीठाचा कर्मचारी मानून कामगार भरपाई मंजूर केली होती. 1955 मध्ये त्याच राज्यात रे डेनिसन हा फोर्ट लुईस महाविद्यालयाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार बसून मरण पावला आणि त्याच्या विधवेने कामगाराच्या कुटुंबाला मिळणारी भरपाई मागितली. असे दावे मान्य होत गेले तर देशातील प्रत्येक महाविद्यालय मालक ठरले असते आणि प्रत्येक मोडलेल्या हाडाचा हिशेब विमा कंपनीकडे गेला असता. एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी याच भीतीपोटी 'स्टुडंट-ॲथलीट', म्हणजे विद्यार्थी-खेळाडू, हा जोडशब्द प्रचारात आणला, आणि नियमपुस्तकापासून पत्रकांपर्यंत सर्वत्र 'खेळाडू' या सुट्या शब्दाऐवजी तोच वापरला जाईल याची व्यवस्था केली. डेनिसनच्या विधवेचा दावा 1957 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. महाविद्यालय काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, हा त्या निकालातील युक्तिवाद होता. शब्द आधी आला आणि वस्तुस्थिती त्याच्या मापाने कापली गेली, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. निवृत्तीनंतर 1995 मध्ये बायर्स यांनीच एक पुस्तक लिहून आपण उभारलेल्या व्यवस्थेवर खेळाडूंच्या शोषणाचा आरोप ठेवला, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष मानावी की उशिरा सुचलेल्या शहाणपणाची, हे ज्याने त्याने ठरवावे.

महाविद्यालय फुटबॉलच्या धंद्यात नाही हे विधान 1957 मध्ये निदान वादग्रस्त म्हणता आले असते. नंतरच्या दशकांत ते हास्यास्पद झाले. 1984 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सामन्यांच्या दूरदर्शन हक्कांवरील एनसीएएची मक्तेदारी मोडली, आणि महाविद्यालये व त्यांचे प्रादेशिक गट स्वतः वाहिन्यांशी सौदे करू लागले. गंमत अशी की त्याच निकालात, निर्णयाला आवश्यक नसलेल्या काही वाक्यांत, हौशीपणाची परंपरा जपण्याचा एनसीएएचा अधिकार न्यायमूर्तींनी ओझरता गौरवला, आणि पैशाची दारे उघडणारा तो निकाल पुढची तीस-पस्तीस वर्षे खेळाडूंना पैसे नाकारण्यासाठी ढालीसारखा वापरला गेला. 2010 मध्ये पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे हक्क चौदा वर्षांसाठी 10.8 अब्ज डॉलरना विकले गेले. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजार प्रेक्षक बसतात. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेल्या सर्व पदांमध्ये सर्वाधिक पगार राज्यपालांचा वा कुलगुरूंचा नसून फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाचा असतो. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये जिंबो फिशर या प्रशिक्षकाला मुदतीआधी काढले, तेव्हा करारानुसार त्याला देणे असलेली रक्कम साडेसात कोटी डॉलरच्या वर होती, म्हणजे न शिकवण्याचा मोबदला हौशीपणाच्या चौकटीत बसत होता.

चौकटीत काय बसत नव्हते हे पाहायचे तर न्याहारीच्या टेबलापर्यंत जावे लागते. एनसीएएच्या तेव्हाच्या नियमांनुसार खेळाडूंना ठरलेल्या जेवणांव्यतिरिक्त फळे, सुकामेवा आणि 'बेगल' नावाचा कड्यासारखा गोल पाव देण्यास महाविद्यालयांना परवानगी होती; परंतु त्या पावाला चीज किंवा लोणी लावले तर तो अल्पोपाहार न राहता जेवण ठरत असे, आणि जास्तीचे जेवण हा नियमबाह्य लाभ होता. कोरडा पाव हौशी आणि लोणी लावलेला पाव व्यावसायिक, इतक्या सूक्ष्म भेदापर्यंत जाणारी विद्वत्ता आपल्याकडे केवळ सोवळ्या-ओवळ्याच्या शास्त्रात आढळते. 2014 मध्ये कनेटिकट विद्यापीठाला बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या शबाझ नेपियरने, आपल्याला कधीकधी उपाशीपोटी झोपावे लागते असे पत्रकारांसमोर सांगितले, आणि काही दिवसांतच खाण्यावरची मर्यादा उठवली गेली.

दुसरे दृश्य पडद्यावरचे आहे. एड ओबॅनन हा लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या 1995 च्या विजेत्या संघाचा प्रमुख खेळाडू पुढे लास वेगासमध्ये मोटारी विकण्याचे काम करीत होता. एका परिचिताच्या घरी त्याला एक व्हिडिओ गेम दाखवण्यात आला, ज्यात यूसीएलएचा तो जुना संघ होता आणि त्यात 31 क्रमांकाचा, डावखुरा, त्याच्याच अंगकाठीचा आणि त्याच्याच वर्णाचा एक खेळाडू त्याच्याच ढंगाने चेंडू फेकत होता. नाव तेवढे नव्हते. नाव नसल्यामुळे नियम मोडला गेला नव्हता आणि त्याला पैसेही मिळाले नव्हते. 2009 मध्ये त्याने दाखल केलेल्या दाव्यात न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी 2014 मध्ये एनसीएएचे निर्बंध स्पर्धाविरोधी ठरवले, आणि या वादामुळे त्या प्रकारचे महाविद्यालयीन फुटबॉलचे खेळ बाजारातून काही वर्षे नाहीसे झाले. ते 2024 च्या जुलैमध्ये परतले तेव्हा दहा हजारांहून अधिक खेळाडूंनी आपले रूप वापरू देण्यास संमती दिली होती आणि त्यांना प्रत्येकी 600 डॉलर व गेमची एक प्रत मिळाली. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी अर्थशास्त्राच्या शिक्षकांनी हे उदाहरण वापरण्यास हरकत नाही.

ओबॅननच्या दाव्याने एक जुनी कायदेशीर कल्पना महाविद्यालयाच्या मैदानात आणली. 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या एका संघीय अपील न्यायालयासमोर, च्युइंगगमच्या पुड्यांसोबत बेसबॉलपटूंची छायाचित्रे विकणाऱ्या दोन कंपन्यांचे भांडण आले होते, आणि तिथे न्यायाधीश जेरोम फ्रँक यांनी प्रसिद्ध व्यक्तीला आपल्या प्रतिमेच्या व्यापारी वापरावर मालकी असते असे सांगून त्याला प्रसिद्धीचा हक्क असे नाव दिले. नाव, प्रतिमा आणि रूपसादृश्य या तिन्हींवरचा हा हक्क इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एनआयएल' म्हणून ओळखला जातो. चित्रपटातील नटाला, गायकाला, एवढेच काय, महाविद्यालयात शिकत असतानाच जाहिरात करणाऱ्या एखाद्या विद्यार्थी-व्हायोलिनवादकाला जो हक्क कोणीही नाकारला नव्हता, तो केवळ खेळाडूला शिष्यवृत्तीच्या अटीने सोडावा लागत होता. कॅलिफोर्निया राज्याने 2019 मध्ये कायदा करून ही अट बेकायदा ठरवली, मग इतर राज्यांनी आपापल्या महाविद्यालयांचे खेळाडू कॅलिफोर्नियाकडे जातील या भीतीने तसेच कायदे केले. 21 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲल्स्टन खटल्यात, शिक्षणाशी निगडित लाभांवरील मर्यादांपुरता, एनसीएएचा पक्ष एकमताने फेटाळला. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी त्या निकालाला जोडलेल्या स्वतंत्र मतात दिलेला दाखला मर्मावर बोट ठेवणारा होता: एखाद्या प्रांतातील सगळी उपाहारगृहे एकत्र येऊन, गिऱ्हाइकांना कमी पगाराच्या आचाऱ्यांनी रांधलेले अन्नच आवडते असे सांगून आचाऱ्यांचे पगार कापू शकत नाहीत. दहा दिवसांनी एनसीएएने जाहिरात करारांवरील बंदी उठवली.

पहिल्याच दिवशी फ्रेझ्नो स्टेट विद्यापीठाच्या हेली आणि हॅना कॅव्हिंडर या बास्केटबॉल खेळणाऱ्या जुळ्या बहिणींचा चेहरा एका मोबाइल सेवेच्या जाहिरातीत न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये झळकला. नेब्रास्का विद्यापीठाच्या डीकोल्डेस्ट क्रॉफर्ड या खेळाडूचे पाळण्यातले नावच 'सर्वांत थंड' असे असल्यामुळे ओमाहातील एका वातानुकूलन यंत्रे बसवणाऱ्या कंपनीने त्याला जाहिरातीत घेतले. हे नावाचे मोल अक्षरशः होते, आणि अशा करारांबद्दल तक्रार करण्याचे कारण कोणत्याही समंजस माणसाला सापडणार नाही. कंपनीला गिऱ्हाईक हवे, खेळाडूकडे ते खेचणारे काहीतरी आहे, दोघांनी सौदा केला.

परंतु 2021 च्याच ऑगस्टमध्ये यूटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात जे घडले ते वेगळ्या दिशेकडे बोट दाखवणारे होते. प्रथिनयुक्त खाऊच्या वड्या विकणाऱ्या एका स्थानिक कंपनीने फुटबॉल संघातील 'वॉक-ऑन', म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय स्वखर्चाने संघात आलेल्या, खेळाडूंना वर्षभराच्या शिकवणी शुल्काइतकी रक्कम जाहिरातीच्या करारापोटी देऊ केली. संघाच्या खोलीत ही घोषणा झाली तेव्हा मुलांनी केलेल्या जल्लोषाची चित्रफीत देशभर पाहिली गेली, आणि आनंद खराच होता. तरीही विचार करण्यासारखा मुद्दा हा की राखीव बाकावर बसणाऱ्या या मुलांपैकी बहुतेकांचे नाव संघाच्या चाहत्यांनाही ठाऊक नव्हते. ज्या नावाला बाजारात किंमत नाही त्या नावाचे पैसे मिळत असतील, तर ते पैसे नावाचे नाहीत. ते संघात असण्याचे आहेत.

ही फट पुढे भगदाड झाली. प्रत्येक मोठ्या विद्यापीठाच्या अवतीभोवती 'कलेक्टिव्ह' नावाची मंडळे उभी राहिली, ज्यांत धनिक माजी विद्यार्थी आणि सामान्य चाहते वर्गणी भरतात आणि मंडळ खेळाडूंशी करार करते; करारात एखादी स्वाक्षरी, एखादी ध्वनिचित्रफीत, एखाद्या धर्मादाय कार्यक्रमाला हजेरी असे काहीतरी काम लिहिलेले असते, कारण काहीच न लिहिले तर तो पगार दिसतो. काही मंडळांनी करसवलतीसाठी धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी केली, तेव्हा 2023 मध्ये अमेरिकी करखात्याच्या विधितज्ज्ञांनी, खेळाडूंना पैसे देणे हा मुख्य हेतू असलेली संस्था धर्मादाय कशी, असा रास्त आक्षेप घेतला. विद्यापीठ बदलण्यावरील निर्बंध याच काळात सैल होत गेल्यामुळे खेळाडू दर हंगामाला अधिक देणाऱ्या मंडळाकडे जाऊ लागले. प्रवेशापूर्वीच असे सौदे ठरवण्यास एनसीएएची मनाई होती. टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांनी दाद मागितली आणि 2024 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने त्या मनाईच्या अंमलबजावणीलाच स्थगिती दिली.

या गोंधळाचे खापर खेळाडूंच्या हावरेपणावर फोडण्याची रीत सध्या जोरात आहे. ती चुकीची आहे असे म्हणण्याचे कारण भावनिक नसून तार्किक आहे. खेळाडूला आपले सर्व काही विकण्याची मुभा दिली आणि ज्यासाठी तो हवा असतो ते एकच, म्हणजे त्याचा खेळ, विकण्यास मज्जाव ठेवला, तर त्या खेळाची किंमत उरलेल्या वस्तूंच्या किमतीत मिसळून वसूल होणार, हे उघड आहे. ज्या गावात दारूबंदी असते तिथे औषधी आसवांचा खप वाढतो, त्यातलाच हा प्रकार. जाहिरातीच्या पावतीवर पगार दिला जाऊ लागला आणि मग पावती खोटी असल्याची ओरड झाली, परंतु खरी पावती फाडण्याची परवानगी कोणी दिली नव्हती.

जाहिरातीचा बाजार खेळाच्या बाजाराहून वेगळा असतो याचा फायदा मात्र काहींना झाला, आणि तो अनपेक्षित ठिकाणी झाला. महाविद्यालयातील महिला खेळाडूंपुढे व्यावसायिक खेळाचा रस्ता अरुंद असतो. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने बास्केटबॉलचे विक्रम मोडून 2024 मध्ये महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये प्रवेश केला, तेव्हा तिचा पहिल्या वर्षाचा मूळ पगार 76,535 डॉलर होता, आणि विद्यार्थिनी असतानाच नामांकित कंपन्यांशी झालेल्या करारांची कमाई त्यापुढे डोंगराएवढी होती. लुइझियाना स्टेट विद्यापीठाची जिम्नॅस्ट ऑलिव्हिया डन ही या काळातील सर्वाधिक कमावणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूंत गणली गेली, यामागे तिच्या कसरतींपेक्षा समाजमाध्यमांवरचे लाखो अनुयायी होते. जाहिरातदार मुलींना रूप पाहून पैसे देतात आणि मुलांना खेळ पाहून, ही टीका निराधार नाही. पण ज्या व्यवस्थेत त्यांना काहीच मिळत नव्हते तिच्याशी तुलना करताना ही टीका फार ताणता येत नाही. 1972 च्या 'टायटल नाइन' कायद्याने महाविद्यालयांना मुलींना खेळण्याची समान संधी देण्यास भाग पाडले होते, परंतु जाहिरातदाराचा पैसा महाविद्यालयाचा नसल्यामुळे त्या कायद्याच्या कक्षेत तो येत नाही, आणि हाच प्रश्न पुढे अधिक टोकदार होऊन आला.

ज्यांना या नव्या व्यवस्थेतून जवळजवळ काहीच मिळाले नाही असा एक गट आहे, आणि मराठी वाचकाचा त्याच्याशी थेट संबंध येतो. अमेरिकेत शिकण्यासाठी जाणारे बहुतेक परदेशी विद्यार्थी एफ-1 प्रकारच्या व्हिसावर असतात आणि त्या व्हिसावर अपवाद वगळता रोजगार करता येत नाही. जाहिरातीचे काम हा रोजगार मानला जाण्याची भीती असल्यामुळे हे खेळाडू करार करण्याचे टाळतात किंवा मायदेशी जाऊन चित्रीकरण करण्यासारख्या पळवाटा शोधतात. पर्ड्यू विद्यापीठाचा कॅनडाचा झॅक एडी 2023 आणि 2024 अशी लागोपाठ दोन वर्षे देशातील सर्वोत्तम बास्केटबॉलपटू ठरला, तरी अमेरिकी भूमीवर त्याला आपल्या सहकाऱ्यांसारखी जाहिरात करता आली नाही. टेनिस आणि मैदानी खेळांत भारतीय मुले-मुली या वाटेने अनेक वर्षे जात आली आहेत: सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून, उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून, आणि 2023 च्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णांसोबत मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकणाऱ्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून. सोमदेव आणि ऋतुजा यांच्या काळात बंदी सर्वांनाच होती, त्यामुळे निदान समानता होती. आता पुण्याहून किंवा नागपूरहून जाणाऱ्या मुलीला त्याच संघातल्या टेक्ससच्या मुलीच्या शेजारी उभे राहून खेळता येते, तिच्याइतकेच गुण मिळवून देता येतात, पण बुटांच्या कंपनीच्या करारावर सही करण्यापूर्वी मात्र स्थलांतराच्या वकिलाला विचारावे लागते. एक विसंगती इथे नोंदवण्यासारखी आहे. परदेशी खेळाडूच्या बाबतीत सरकारला जाहिरात हे काम वाटते, आणि आठवड्याला तीस-चाळीस तास चालणारा सराव, प्रवास व सामने हे मात्र काम वाटत नाहीत.

6 जून 2025 रोजी त्याच न्यायाधीश विल्कन यांनी एनसीएएविरुद्धच्या 'हाउस' खटल्यातील तडजोडीला मान्यता दिली. ग्रँट हाउस हा ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा जलतरणपटू, म्हणजे ज्या खेळाला दूरदर्शनचा पैसा जवळजवळ नाही अशा खेळातला, आणि त्याच्या नावाच्या खटल्यातून आलेली भरपाई मुख्यतः फुटबॉलकडे जावी यात नियतीचा थोडा विनोद आहे. तडजोडीनुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे 2.8 अब्ज डॉलर द्यायचे आहेत, आणि त्यांतील बहुतांश रकमेची वाटणी ढोबळमानाने 75 टक्के फुटबॉल, 15 टक्के पुरुष बास्केटबॉल, 5 टक्के महिला बास्केटबॉल आणि उरलेले 5 टक्के इतर सगळे खेळ अशी होते. शिवाय तडजोडीत सामील प्रत्येक विद्यापीठाला 2025-26 या वर्षात 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना वाटण्याची मुभा मिळाली. वाटणीचे हे प्रमाण कमाईच्या प्रमाणाला धरून आहे असे समर्थक म्हणतात, आणि ते खरेही आहे; परंतु महिलांच्या खेळांकडे अनेक दशके पैसा व प्रक्षेपण वळवलेच नाही आणि आता त्या दुर्लक्षातून निपजलेल्या आकड्यांनाच बाजाराचा कौल मानले जाते, हे महिला खेळाडूंनी घेतलेल्या हरकतींतले म्हणणेही तितकेच खरे आहे. दुसरीकडे, फुटबॉलच्या कमाईवर आजवर नौकानयन, पोहणे, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स असे खेळ पोसले गेले, आणि अमेरिकेच्या ऑलिंपिक पदकांचा मोठा वाटा याच संघांतून आला. ही सोय टिकावी ही इच्छा योग्य आहे; मात्र तिचा खर्च बहुसंख्येने कृष्णवर्णीय असलेल्या फुटबॉल आणि बास्केटबॉलपटूंच्या न दिलेल्या मजुरीतून का भागवावा, याचे उत्तर जुन्या व्यवस्थेच्या समर्थकांनी कधीच दिलेले नाही.

शिक्षण हाच मोबदला, हे त्यांचे सर्वांत वजनदार उत्तर आहे, आणि ते हसण्यावारी नेता येत नाही. पाच लाखांहून अधिक महाविद्यालयीन खेळाडूंपैकी व्यावसायिक होणारे दोन टक्केही नसतात. उरलेल्यांना कर्जाविना मिळालेली पदवी ही आयुष्यभराची ठेव असते, आणि अमेरिकेतील शिक्षणाचे शुल्क पाहता तिची किंमत लहान नाही. परंतु शिक्षण हा मोबदला असेल तर तो खात्रीचा असायला हवा होता. 1973 पासून चार वर्षांची शिष्यवृत्ती वर्षागणिक नूतनीकरण होणारी झाली, म्हणजे गुडघा दुखावलेल्या किंवा प्रशिक्षकाच्या मनातून उतरलेल्या मुलाचे शिक्षण अर्ध्यावर थांबवण्याची सोय झाली. ज्याला काढता येते आणि ज्याच्या वेळेवर दुसऱ्याचा ताबा असतो, त्याला सगळीकडे नोकर म्हणतात.

तो शब्द टाळण्यासाठी आता नवी यंत्रणा उभी राहिली आहे. जुलै 2025 पासून 600 डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेचा प्रत्येक बाहेरचा करार खेळाडूने एका संकेतस्थळावर नोंदवायचा असतो, आणि मंडळे किंवा विद्यापीठाशी लागेबांधे असलेल्या देणगीदारांच्या करारांत तो खऱ्या व्यापारी हेतूने झाला आहे काय व रक्कम बाजारभावाला धरून आहे काय, हे तपासले जाते. त्यासाठीचे संगणकीय तंत्र डेलॉइट या हिशेबतपासनीस कंपनीने पुरवले आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या स्वाक्षरीचा बाजारभाव यंत्राने ठरवायचा, ही कल्पनाच मुळी बाजार या संकल्पनेची थट्टा आहे. सुरुवातीला या यंत्रणेने वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांच्या करारांना व्यापारी हेतू नसल्याचे सांगून ते नाकारण्याची भूमिका घेतली. खेळाडूंच्या वकिलांनी आक्षेप घेतला, आणि महिना उलटण्यापूर्वीच भूमिका सैल करावी लागली.

कर्मचारी म्हणून मान्यता देणे, सामूहिक वाटाघाटींचा हक्क देणे आणि त्या वाटाघाटींतून पगार, विद्यापीठ बदलण्याच्या अटी, विमा व कामाचे तास ठरवणे, हा सरळ मार्ग अमेरिकेला अपरिचित नाही. तिथल्या सगळ्या मोठ्या व्यावसायिक लीग असेच करतात, आणि कमाल खर्चाच्या मर्यादा तिथे न्यायालयात टिकतात त्या खेळाडूंच्या संघटनेने करारात त्या मान्य केलेल्या असतात म्हणूनच. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी 2014 मध्ये या दिशेने पाऊल टाकले, तेव्हा राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने पुढच्या वर्षी प्रकरणात हातच घालण्यास नकार दिला. त्यानंतर डार्टमथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाची पाळी आली. हे महाविद्यालय खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही आणि त्या संघाच्या सामन्यांना कोणी अब्जावधी मोजत नाही, तरीही एका प्रादेशिक अधिकाऱ्याने संघातील खेळाडू कर्मचारी ठरतात असा निर्णय दिला, आणि मार्च 2024 मध्ये त्या पंधरा मुलांनी मतदान करून 13 विरुद्ध 2 मतांनी संघटना स्थापण्याचा कौल दिला. महाविद्यालयाने वाटाघाटीला बसण्यास नकार दिला. वॉशिंग्टनमध्ये सत्ता पालटणार होती आणि नव्या मंडळाकडून प्रतिकूल निर्णय येऊन तो सगळ्यांनाच बांधील होईल अशी चिन्हे होती, म्हणून 31 डिसेंबर 2024 रोजी त्यांच्या संघटनेने आपला अर्ज स्वतःहून मागे घेतला.